मागीलदारच्या सुमनवहिनी

सुमनवहिनी कुणाच्याही घरी पुढच्या दाराने गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. स्कूटर रस्त्यावर लावायची, पदर खोचायचा आणि घराला वळसा घालून थेट मागीलदारी. घराच्या मागच्या अंगाला आमच्याकडे मागीलदार म्हणतात. विहीर, धुण्याची धोंड, सरपण आणि बायका, सगळं तिकडेच. पुढे खळ्यात, म्हणजे अंगणात, पुरुष बसलेले असतात, सुपारी कातरत देशाचे प्रश्न सोडवत. वहिनी त्यांना लांबूनच हात करायच्या. "पुढीलदारी इचारलास तर सगळ्यांची तब्येत बरी आसता, मास्तरानु," त्या मला म्हणायच्या. "दुखणा मागीलदारी गावता."

बायकांच्या आरोग्यासाठी आणि हक्कांसाठी काम करणारी आमची संस्था कुडाळला एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आहे. वहिनी तिथल्या गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या; शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे अहवाल लिहू लागलो. अहवालाची भाषा स्वतंत्र असते. तीत बाई कधी भेटत नाही, 'लाभार्थी' भेटतो, आणि भेटल्याबरोबर त्याचं सक्षमीकरण होतं. मी वहिनींना एकदा लाभार्थींबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "माका आजून येक पण लाभार्थी गावाक नाय. माका गावता ती कुसुम. मेली अर्दो तास माशांच्या गजाली मारता, आणि मी जावक उठलंय काय मगे सांगता, काखेत गाठ आसा म्हणान."

त्या साध्याभोळ्या वगैरे अजिबात नव्हत्या. कडक इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा वळेसर, आणि वर्तमानपत्रात फोटो आला की तो आम्हा सर्वांना दिसेल अशा बेताने टेबलावर पडलेला. मला सत्कार, स्वागतगीतं, दीपप्रज्वलन यांचं जन्माचं वावडं. वहिनींना शाल मनापासून आवडायची. "तुमका नको तर माझ्याकडे देवा. बाळंतिणीक गुंडाळूक बरी." आणि जरा थांबून, "माका शोभता पण."

मुंबईहून आलेले पाहुणे त्यांना विचारायचे, या कामाकडे कशा वळलात? त्यांना एखादी करुण कहाणी हवी असायची. "घरात बसान कंटाळा येय," वहिनी सांगायच्या आणि त्यांच्यापुढे सोलकढी सरकवायच्या.

मंजुळा त्यांना अशीच मागीलदारी सापडली, भांडी घासताना. मालवणच्या वाटेवरच्या एका गावातली सून, नवरा गोव्यात नोकरीला. पाळी जाऊन बराच काळ लोटला होता आणि आता पुन्हा अंगावरून रक्त जात होतं. वहिनींनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. हे थांबण्यासारखं दुखणं नव्हतं. पण मंजुळेचे सासरे आबा गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान त्यांचा. दुखण्याचं कानावर येताच त्यांनी देवाला कौल लावला होता, सुनेचं ऑपरेशन करावं का म्हणून. कौलात देवाला लावलेलं उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. आता जत्रेपर्यंत वाट बघायची, असं आबांनी ठरवलं. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "आबा सांगतीत तसा."

"तू चल गो माझ्या वांगडा, मी बघतंय कोण काय म्हणता ता," वहिनी म्हणाल्या.

मंजुळा उठली नाही. "वयनी, माका काय झाला तरी चलात. पण देवाचो कौल मोडलंय, असा कोणी म्हणूक नको."

त्या दिवशी वहिनी एकट्याच परतल्या. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "तिका उचलून न्हेवक येणा नाय, मास्तरानु. तिचो देव पण वांगडा येवक व्हयो."

पुढच्याच आठवड्यात आबांच्या घरी समाराधना होती. आबा माझे जुने स्नेही, त्यामुळे मी खळ्यात पुरुषांच्या पंगतीचा मानकरी. वहिनी अर्थातच मागीलदारी, वडे तळायला. आबांनी तुळशीपुढे उभं राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक मागणीला सगळी भावकी "व्हय म्हाराजा" म्हणत होती. गाऱ्हाणं संपलं, आबा वळले, आणि घराच्या पुढच्या दारातून सुमनवहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. तुळशीपुढे येऊन त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भावकी म्हणाली. लहानपणापासूनची सवय. कोण बोलतंय हे बघायच्या आधी तोंड उघडतं.

"ह्या घरच्या लेकरांची, गुरांची जशी राखण केलंस, तशी मागीलदारी राबणाऱ्या सुनेची पण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या आंगात जा काय दुखणा लपान बसला असात, ता येत्या सोमवारी कुडाळच्या डाक्तरणीच्या नजरेक पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिका थंय न्हेवची बुद्धी ह्या घरच्या थोरल्याक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." इथे आवाज विस्कटले. आबांचा एक चुलतभाऊ भानावर आला. "बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता! आणि कौल डावो पडलोहा!"

"तो ऑपरेशनाचो," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तपासणीचा देवाक कोणी इचारल्यानी?"

सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी तुळशीला पुन्हा हात जोडले. दारात मंजुळा उभी होती, चौकट घट्ट धरून.

"घातलेला गाऱ्हाणा परत घेवक येणा नाय," आबा म्हणाले. "सोमवारी गाडी किती वाजता हाडूची?"

तपासणी झाली. गर्भाशयात रोग निघाला, पण वेळेवर. सुनेची राखण देवाकडे मागितली, त्यात ऑपरेशनही आलं, असं आबांनीच भावकीला सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी आबा इस्पितळाच्या बाकावर दिवसभर चहाही न घेता बसून होते. मंजुळा बरी झाली. अहवालात मी लिहिलं, 'स्थानिक धार्मिक नेतृत्वाशी सकारात्मक संवाद साधण्यात आला.' वहिनींनी ते वाचून घेतलं. "बरा लिवलास. पण वडे कोणी तळले ता पण घाला."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिल्यावर वहिनींनी काम सोडलं. कुडाळच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले, समई वाऱ्याने पेटेना, सगळं रीतीप्रमाणे. सत्कारमूर्ती मागच्या जिन्याने व्यासपीठावर आल्या, कारण आधी त्या चहाचं बघायला गेल्या होत्या. शाल मिळाल्यावर त्यांनी ती उलगडून काठ तपासला.

मग मंजुळेला बोलायला बोलावलं. ती माइकपुढे उभी राहिली. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. मंजुळेने डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आमच्या सुमनवयनीच्या गुडघ्यांका बळ दी रे म्हाराजा!"

सभागृहभर बसलेल्या बायका एका दमात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" आयुष्यात कुठल्याही घोषणेला आवाज न दिलेला मी, माझंही तोंड उघडलं होतं. पण सगळ्यांच्या वर एक खणखणीत आवाज गेला, म्हणून मी मान वळवली. पहिल्या रांगेत आबा उभे होते. गावची गाऱ्हाणी घालण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते गाऱ्हाणं त्यांच्या सुनेने घातलेलं होतं.