हिर्डोशीहून आलेलं कार्ड

शैला गेल्याचं मला दगडूभाऊंनी फोनवर सांगितलं. दगडूभाऊ म्हणजे आमच्या रेडिओ केंद्रातले जुने तंत्रज्ञ, मूळचे गुंजवण्याचे. "ताई, शैलाताई गेल्या हो. सकाळी च्या घेतला, अन् बसल्या जागी…" मी खुर्चीत बसले. आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की आता चार-सहा आठवडे अख्खं भोर हिच्याबद्दलच बोलणार. गेल्या माणसाविषयी असं लिहू नये हे मला कळतं. पण शैलाविषयी लिहायचं आणि माझ्या मत्सराविषयी लिहायचं नाही, तर लिहायला फारसं काही उरतच नाही.

भोरच्या टेकडीवर मध्यम लहरींवर चालणारं आमचं एक छोटंसं केंद्र होतं. आता तिथे गवत वाढलंय, मनोरा उतरवून नेला, स्टुडिओच्या खोलीत कुणीतरी सिमेंटची पोती ठेवली आहेत. पण एके काळी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास आम्ही दोघी तिथून भोर-वेल्ह्याशी बोलत होतो. मी आधी लागले. माझे वडील इथल्याच शाळेत मास्तर, घरात शुद्ध बोलण्याचा दंडक, त्यामुळे आवाजाच्या परीक्षेत मी पहिली आले. शैला वर्षभराने आली. शेतकऱ्याघरची, पायात साध्या स्लिपर, आणि "पाणी" म्हणताना दर दोन वेळांत एकदा "पानी" म्हणणारी. केंद्राच्या साहेबांनी तिला माझ्याकडे सोपवलं. "उच्चार घासून घ्या हिचे," म्हणाले. मी घासले. मनापासून घासले. सहा महिन्यांत ती बरंच नीट बोलू लागली आणि त्याच सहा महिन्यांत लोकांना माझा विसर पडला.

काय होतं तिच्या आवाजात, हे मी वर्षानुवर्षं शोधलं. ती "नमस्कार" म्हणून क्षणभर थांबायची, समोरचा नमस्कार परत करील तेवढा वेळ. मीही तसं थांबून पाहिलं, तर साहेबांनी विचारलं, "काय झालं, कागद हरवला का?" ती शेतकऱ्यांसाठी हवामान वाचायची आणि शेवटी कागदावर नसलेलं एखादं वाक्य जोडून द्यायची, "भात कापलेलं असंल तर आज झाकून ठेवा बरं का." हे नियमात बसत नव्हतं. मी एकदा तक्रारही केली. साहेब हसले आणि म्हणाले, असू द्या.

एकदा आम्ही दोघी पुण्याहून मीटिंग आटोपून येत होतो. कापूरहोळला भोरची एसटी चुकली म्हणून एका ढाब्यावर बसलो. पाऊण तास मी बोलत होते, शैला ऐकत होती. गल्ल्यावरचा माणूस आपल्या कामात. शेवटी तिने फक्त म्हटलं, "दादा, अजून दोन चहा द्या," आणि तो माणूस ताडकन उठून आला. "तुमी रेडिओवाल्या शैलाताई ना? आमची आई रोज ऐकती तुमाला." चहाचे पैसे घेतले नाहीत. मला त्याने विचारलं, "तुमी पन तिथंच असता का?" मी हो म्हटलं. तो चहा मी तसाच टाकून उठले, आणि हे शैलाच्या लक्षात आलं असणार, कारण पुढे भोर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत बसली.

आता पत्रांचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. आठवड्यातून एकदा श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम असे, एक आठवडा माझा, एक तिचा. आमच्याकडे एक पद्धत होती, की निवेदकाने स्वतःचं कौतुक स्वतः वाचायचं नाही. ते दुसरीने तिच्या पाळीत वाचायचं. म्हणजे शैलाचं कौतुक वाचणं हे माझं काम होतं. आणि पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात दुसरं असायचं काय? कार्ड हातात घेतलं आणि वर "शैलाताईंस" दिसलं की पुढचं मी वाचतच नसे. लाल पेन्सिलीने कोपऱ्यात "वेळेअभावी नाही" लिहायचं आणि खालच्या खणात टाकायचं. मग गाण्यांच्या फर्माइशी वाचायच्या, खरखर होते अशा तक्रारी वाचायच्या, आणि कार्यक्रम संपवायचा. शैलाने याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही.

तिच्या पाळीत मात्र ती माझी पत्रं वाचायची. मलाही पत्रं येत होती, हे मी आज मुद्दाम लिहिते. फार नाहीत. पण हिर्डोशीच्या पार्वताबाई होत्या. वरंध घाटाकडच्या त्या डोंगरातल्या गावातून दर पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड यायचं आणि शैला ते माईकवर वाचायची. मी ड्युटीरूममध्ये स्पीकर मोठा करून ऐकायची. त्यातलं एक मला आजही पाठ आहे… "सुमनताई, तुम्ही नमस्कार म्हणता तेव्हा घरात कुणी आपलं माणूस आल्यासारखं वाटतं. मी हातातली भाकरी तव्यावर टाकते आणि मग तुम्हाला नमस्कार करते." केंद्र बंद झालं, आम्हाला इकडेतिकडे बदल्या मिळाल्या, मी निवृत्त झाले. शैलाला बाजारात लोक थांबवून बोलायचे, मला नाही. अशा वेळी घरी येऊन मी ते कार्ड मनातल्या मनात म्हणत असे. शैलाला तालुका होता. मला पार्वताबाई होत्या. तेवढं मला पुरत होतं.

शैलाची शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. माणसं व्हरांड्यात उभी होती. मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी चार वाक्यं तिच्याबद्दल बोलले आणि पाचवं स्वतःबद्दल. "तिचे श्रोते खूप, पण माझेही होते. हिर्डोशीच्या पार्वताबाईंना मी कधी विसरणार नाही," असं भर सभेत म्हणाले. सभा संपल्यावर दगडूभाऊ माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आले.

"ताई, राग नका मानू. पन हिर्डोशीत आपलं स्टेशन कंदी लागलंच न्हाई."

"म्हणजे?"

"डोंगर आडवा येतो ना. म्या सोता रेडिओ घिऊन त्या अंगाला फिरलोय. नुसती खरखर. शैलाताईंना ठावं हुतं ते. त्यांनीच मला इचारलं हुतं, कंच्या गावाला आपला आवाज अजाबात जात न्हाई म्हनून."

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी शैलाच्या घरी गेले. तिचे यजमान वसंतराव पडवीत बसले होते. मी पत्रांचं विचारताच ते आत गेले आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले. केंद्र बंद झालं तेव्हा तिने खणातली सगळी कार्डं घरी आणली होती. मी वरचंच उचललं. कोपऱ्यात माझ्या लाल पेन्सिलीने लिहिलेलं, "वेळेअभावी नाही". वरच्या "शैलाताईंस" या शब्दावर निळ्या पेन्सिलीची रेघ, आणि त्यावर तिच्या गोल अक्षरात "सुमनताई". खाली वेल्ह्याकडच्या कुठल्याशा वाडीचं नाव खोडून "हिर्डोशी, पार्वताबाई". एकामागून एक कितीतरी तशीच. ज्याचं पत्र त्याने रेडिओवर ओळखून तक्रार करू नये, म्हणून नाव बदललेलं. आणि हिर्डोशीच्या कुणी विचारू नये, की आमच्यात ही पार्वताबाई कोण, म्हणून गाव असं, जिथे काही ऐकूच येत नाही.

"मी तिला इचारलं हुतं येकदा," वसंतराव म्हणाले, "हे काय करती म्हनून. तर म्हनली, लोकांनी येवढं चांगलं लिवलंय, ते खनात पडून कशाला ऱ्हायला पायजे? माझं नाव मला घेता येत न्हाई, तर ताईंचं घेते. लोकांना काय, कार्डाचं उत्तर मी घरनं लिवतेच."

मी तिथे रडले. पण ते रडणं फार चांगलं होतं असं कुणी समजू नये. तिने माझी कीव केली असती, तर निदान तिचा राग करता आला असता. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. मला वाटलं होतं की तालुक्यात निदान एक बाई माझी आहे, तर तीही शैलाचीच निघाली. माझं म्हणून जे जन्मभर उराशी धरलं, ते मीच न वाचता खणात टाकलेलं तिचं कौतुक होतं. आणि तिने ते मला इतकं छान वाचून दाखवलं, की मला ते खरं वाटलं.

वसंतरावांनी डबा मलाच दिला. आता तो माझ्या टेबलावर असतो. कार्यक्रमाची वेळ सव्वासहाची होती. सव्वासहा झाले की मी एक कार्ड काढते आणि मोठ्याने वाचते, खुर्चीत सरळ बसून, नियमाप्रमाणे. तिचं कौतुक वाचणं हे माझं काम होतं, ते उशिरा का होईना करावं म्हणून. भाकरीवालं कार्डही सापडलं आहे. ते मी आतापर्यंत बऱ्याचदा वाचलं. मूळचं "शैलाताईंस" निळ्या रेघेखाली स्पष्ट दिसतं, चष्मा न लावतासुद्धा. मी "नमस्कार" म्हणते, क्षणभर थांबते, आणि वाचायला लागते… दर वेळी तोंडून सुमनताईच निघतं.