साडूंच्या गाडीतला गारवा

माझ्या साडूंइतका लाजरा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून झाला नसेल, आणि झाला असलाच तर तो लाजेपायी कुणाच्या नजरेस पडला नसेल. त्यांची लाजही जगाच्या उलटी. माणसं फाटके कपडे घालायला लाजतात, हे नवे घालायला लाजायचे. नवा शर्ट आणला की तो चारदोनदा धुऊन, पिळून, त्याचा नवेपणा पार मोडून काढल्यावरच त्यांच्या अंगावर चढे. पाटबंधारे खात्यात ते चांगले साहेब होते, पण शिपाई उभा असताना आपण खुर्चीत कसं बसायचं, म्हणून तेही उभे राहत. आणि साहेब उभे आहेत म्हणून बिचाऱ्या शिपायाला बसता येत नसे. शेवटी पायांना सूज आली म्हणून त्यानं बदली मागून घेतली, असं माझी बायको सांगते. ती साडूंची धाकटी मेहुणी, तेव्हा त्यात थोडं तिखटमीठ असणारच.

इंदापूरच्या घरी फ्रिज आला तेव्हा तर कहर झाला. पळसदेवची, म्हणजे त्यांच्या गावची माणसं कायम घरी येणार, त्यांना हे थंड कपाट दाखवायचं कोणत्या तोंडानं? साडूंनी त्यावर जुनी चादर टाकली, चादरीवर पत्र्याची ट्रंक ठेवली आणि विचारेल त्याला धान्याची कोठी म्हणून सांगू लागले. एकदा एक म्हातारे पाहुणे जेवता जेवता थबकले. "भाऊ," ते म्हणाले, "तुमची कोठी गुरगुरतीया." साडूंचा घास तिथंच अडकला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कानं, पुढं होऊन चादर ओढून काढली आणि पाहुण्यांना गार पाणी दिलं. साडू त्यानंतर परसात जाऊन बसले, ते पाहुणे गेल्यावरच आत आले.

अशा माणसाच्या दारात नव्वदनंतरच्या त्या वर्षांत एसीची गाडी यावी, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा. पण त्याला इलाज नव्हता. अक्काच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं. दर महिन्याला बारामतीला तपासायला यावं लागे आणि उन्हाळ्यात एकदा एसटीतच तिची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी बजावलं, की या बाईला उन्हाची झळ लागता कामा नये. साडूंचा अक्कावर फार जीव. त्यांनी पुण्याहून कुणाची तरी वापरलेली पांढरी गाडी घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या लाजेला चाकं लागली.

रस्ता मोकळा असेतो एसी चालू. लांबवर कुणी दिसलं, मेंढक्या असो, उसाची गाडी असो, डोक्यावर सरपण घेतलेली बाई असो, की साडूंचं बोट बटणावर जाई. एसी बंद, काचा खाली. माणूस मागं पडला की काचा वर, एसी चालू. पुढं पुन्हा माणूस. आमच्याकडचे रस्ते काही निर्मनुष्य नाहीत. भिगवणात तर ते काचा खाली करून, घाम पुसत, आम्हीही उन्हातच आहोत असं तोंड करून गाडी काढायचे. ओळखीचं कुणी हात करून गाडीत बसणार असेल तर तो जवळ यायच्या आत काचा उतरवण्याची काय ती लगबग! मी एकदा वैतागून बोललो तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, दुष्काळात ह्या रस्त्याच्या कडंला माझ्या आईनं खडी फोडली. तितनं मी गारव्यात बसून जायचं? लाज वाटती मला."

अखेर एका मे महिन्यात, ऐन दुपारी, गाडीच्या पोटातून खरखर आवाज आला आणि गारवा बंद पडला. आमच्या बारामतीच्या घरी पोचेपर्यंत अक्का घामानं न्हाली होती. ओठ पांढरे, हात गार. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, की असं पुन्हा झालं तर मी जबाबदारी घेणार नाही.

अक्काला बरं वाटल्यावर आम्ही तिघं गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलो. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं. "कॉम्प्रेसर जाम झालाय. त्येचा क्लच बी जळालाय. आन् आतला चुरा पार पुढच्या जाळीपतोर गेलाय. नुसता कॉम्प्रेसर बदलून भागायचं न्हाय. ड्रायर, व्हॉल्व नवं टाकाय लागंल, पाइप धुवाय लागतील, मग ग्यास भरायचा." मग त्यानं डोकं खाजवलं. "साहेब, घरात कुणी बारकं पोरगं बटनाशी खेळतं का वो?"

साडू आभाळाकडं बघू लागले.

"पोरगं न्हाय," अक्का म्हणाली. "ह्येच खेळत्यात."

काम सुरू झालं. मेकॅनिक पत्र्याखाली घामाघूम होऊन जुना कॉम्प्रेसर काढतोय आणि आपण सावलीत बसलोय, हे साडूंना बघवेना. ते उठले आणि वर्तमानपत्राची घडी करून त्याला वारा घालू लागले. "साहेब, नका वो," तो काकुळतीला आला, "पाइप उघडं हायती, धुरळा आत जातोय." साडू शरमून मागं सरले आणि गाडी होईतो उन्हात उभे राहिले.

निघताना अक्कानं निर्वाणीचं सांगितलं, "आता बटनाला हात लावला तर मी वाटंतच उतरंन. परत दवाखान्याला यायची न्हाय. काय व्हायचं ते घरी होऊ द्या." ती थट्टा करत नव्हती, हे साडूंनाही कळलं. वाटेत काही झालं तर सोबत असावी म्हणून मी मागं बसलो. साडू सगळा रस्ता चोरीची गाडी पळवत असल्यासारखे चालवत होते. माणूस दिसला की बोट बटणाकडं जाई, अक्का बघे, आणि बोट उगाच कान खाजवून परत येई.

पळसदेवच्या अलीकडं एका म्हातारीनं हात केला. साडूंची चुलती. गाडी थांबली, काचा वरच राहिल्या. मी मागचं दार उघडलं. "जयभीम, काकी, बस," साडू तिच्याकडं न बघता म्हणाले. ती माझ्या शेजारी अंग चोरून बसली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "काच खाली करायची इसरलास का रं?"

"काच?"

"आमी दिसलो की करतूस न्हवं का. अंगाचा वास येतो म्हून." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "यायचाच की. रानातली माणसं आमी. तुजी गाडी दिसली की मी बाभळीआड व्हते, साहेबाला उगं कशाला तरास. आज डोळ्याम्होरं अंधारी आली म्हून हात केला बग."

गाडीचा वेग एकदम कमी झाला. अक्कानं तोंडाला पदर लावला.

"काकी, वास न्हाय गं," साडू म्हणाले. "मला लाज वाटायची."

"आमची?"

"न्हाय गं... माजी."

काकीनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पुढच्या दोन सीटांच्या मधून तिनं तोंड पुढं काढलं होतं आणि डोळे मिटून ती गार वारा अंगावर घेत होती. पळसदेव आलं. साडूंनी गाडी थांबवली नाही आणि तीही उतरते म्हणाली नाही.

इंदापूरला घरापाशी आम्ही उतरलो. साडू गाडीतच बसून राहिले, दोन्ही हात तोंडावर. मी दाराकडं वळलो तशी अक्कानं मला खुणेनं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "रडू द्या जरा." आणि काकीचा हात धरून तिला घरात घेऊन गेली.