तोंड टिपायचा जपानी कागद

माझी माय तोंड पुसायची ते भांडं घासल्यासारखं. पदराचं टोक मुठीत धरायचं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत खसाखसा ओढायचं. नाक लालबुंद व्हायचं, तेल काही जायचं नाही. घटकाभरात चेहरा पुन्हा चमकायला लागायचा. मुलतानी मिट्टी झाली, मसुरीच्या डाळीचं पीठ झालं, शेजारच्या मावशीनं सांगितलेलं लिंबूही चोळून झालं. नागपूरच्या उन्हापुढे कोणाची मात्रा चालत नाही, तिथं लिंबाची काय कथा!

तिचा हा हट्ट नटण्यासाठी नव्हता. ती एका बंगल्यात भांडी घासायला जायची. तिथल्या बाईंनी तिला एकदा सांगितलं होतं, "पाहुणे आले की मागच्या दारानं जात जा. तोंड किती तेलकट दिसतं तुझं." त्या बाईंचं तोंड मी पाहिलं होतं. मे महिन्यात तेही तेवढंच चमकायचं, पण मालकिणीला आरसा कोण दाखवणार? मला त्या बाईंचा राग येतो, आजही येतो. मायला राग आला नाही. तिला ते पटलं, हेच वाईट झालं. तेव्हापासून घरात परकं माणूस आलं की ती चुलीपाशी जाऊन बसायची. पंगतीला तर ती कधीच बसली नाही.

आमची वस्ती नागपुरात जरीपटका भागाच्या पलीकडे होती. सत्तरच्या दशकात दसऱ्याला दीक्षाभूमीवर जपानहून बौद्ध पाहुणे यायचे आणि एखादा दिवस आमच्या विहारात जेवायलाही थांबायचे. एका वर्षी त्यांच्यातल्या एका ठेंगण्या, हसऱ्या बाईंनी वस्तीतल्या बायांना तळहाताएवढी पाकिटं वाटली. आत पातळ, गुळगुळीत कागद होते. वर जपानी अक्षरं आणि सोनेरी ठिपके. पाहुणे मोटारीत बसून गेले आणि आम्ही कागद हातात घेऊन उभे राहिलो.

मग ज्यानं त्यानं आपापली अक्कल चालवली. बाबांनी त्यावर शाईनं लिहून पाहिलं. शेजारच्या काकांनी तंबाखू भरून विडी वळली आणि खोकून खोकून बेजार झाले. माय म्हणाली, "मूर्ख आहा तुम्ही. सोन्याचे ठिपके काय उगीच लावले असतीन? बुद्धाच्या देशातला कागद हाय, पूजेचाच असन." बुद्धाचा देश आपलाच, हे मी शाळेत शिकले होते. पण मायशी वाद घालायची छाती कोणाची होती? तिनं आपलं पाकीट विहारात नेऊन मूर्तीच्या पायाशी ठेवलं. त्यापुढे रोज उदबत्ती लागू लागली.

पुढच्या दसऱ्याला तेच पाहुणे आले. त्या ठेंगण्या बाई मूर्तीपुढे वाकल्या आणि वाकल्या तशाच थांबल्या. मग तोंडावर हात धरून इतकं हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. सोबतच्या दुभाष्यानं विचारलं, "ये किसने रखा?" सगळ्या वस्तीनं एका सुरात स्वयंपाकाच्या मांडवाकडे बोट दाखवलं. असल्या वेळी आमची एकी बघण्यासारखी असते.

बाई पाकीट घेऊन थेट मांडवात गेल्या. माय पुऱ्या तळत होती. तिनं घाईनं पदर तोंडाकडे नेला, तर बाईंनी तो हात हलकेच धरून खाली केला. मग एक कागद काढून मायच्या कपाळावर ठेवला आणि नुसता दाबला. नाकाच्या दोन्ही बाजूंना दाबला, हनुवटीवर दाबला. घासणं नाही, ओढणं नाही. दुभाषी म्हणाला, "ये चेहरे का तेल सोखता है, माताजी. रगड़ना नहीं, बस दबाना. इनके यहाँ सोने का वर्क इसी तरह के काग़ज़ में कूटते थे, वहीं से निकला है."

माय काठीसारखी ताठ उभी होती. तिच्या लहानपणी गावात तिच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतायचे. तिच्या चेहऱ्याला परक्या माणसानं हात लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

कागद उचलला तर तेलानं त्यातून आरपार दिसत होतं. माय शरमेनं अर्धमेली झाली. "पाह्य वं," ती मला म्हणाली, "किती घाण हाय माह्या तोंडाले."

बाईंना शब्द कळला नसेल, पण चेहरा कळला. त्यांनी दुसरा कागद काढला आणि स्वतःच्या कपाळावर, नाकावर, हनुवटीवर दाबला. दोन्ही कागद उन्हात धरले. दोन्ही सारखेच आरपार. बाईंनी ते हातात खालीवर केले आणि खुणेनं मायला विचारलं, तुझा कोणता?

माय बराच वेळ पाहत राहिली. तिला ओळखता येईना. मलाही येईना.

"इच्याही तोंडाले तेल येते वं!" ती म्हणाली. आनंदानं नाही, कोणीतरी फसवल्यासारखं म्हणाली. इतकी वर्षं मागच्या दारानं गेल्याचा हिशेब तिच्या मनात चालला असणार.

तेवढ्यात बाहेर पंगत बसली. बाईंनी मायच्या हातातला झारा काढून शेजारच्या मावशीकडे दिला आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं. सतरंजीवर सरकून शेजारी जागा केली. माय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "काहून उभी हायस? बस ना!"

ती बसली. पदर मांडीवर तसाच पडून राहिला. मी पत्रावळीवर भात वाढला, वांग्याची भाजी वाढली, वरण वाढलं. पुऱ्यांची परात घेऊन मी पुढे सरकले, तर मागून तिचा आवाज आला. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज.

"ए पोट्टे, इकडे अजून भात आण."

भात आणायला मी मांडवात गेले आणि तिथं उभी राहून पोटभर रडले.