सभासदांची नावं कुणी मोडली नव्हती

सन १९९६. मी तेव्हा बावन्न वर्षांचा, चौथी शिकलेला पोलीस जमादार. त्या साली आलेली एक केस अजून डोक्यातून जात नाही. सुटली, पण मला समजली नाही.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती. जुन्या कॉम्प्युटरवरची सभासदांची यादी फ्लॉपीवरून नव्यावर नेली, तर नावांच्या जागी नुसत्या वेड्यावाकड्या खुणा. मोठ्या क्लार्कने तक्रार दिली की, यादी भरणाऱ्या बाईने विरोधी पॅनेलच्या सांगण्यावरून नावं मोडली.

बाईला मी ठाण्याच्या ओट्यावर बसवलं. नेमका बाजाराचा दिवस. येणारा-जाणारा तिच्याकडे बघत होता.

"कुणी सांगितलं होतं, बोल."

"कुणी न्हाई, साहेब. नावं हायेत तशीच. नव्या मशीनला मराठी लावलेलं न्हाई, ते विंग्रजी समजून वाचतंय."

"मला शिकवती व्हय? डोळ्यांनी बघितलंय मी!"

"मग जुन्यावर लावून बघा की!"

"तेबी तूच भरलेलं. न्हाई लावत."

हट्ट माझा. पण त्या खुणांचा छापलेला कागद सोडवेना. गुरांच्या चोऱ्या मी खुरांच्या ठशांवरून शोधलेल्या. यादीतल्या एका गावात एकाच आडनावाची अकरा घरं होती. मागल्या निवडणुकीची छापील यादी शेजारी ठेवली आणि बोट लावत गेलो. अकराही ठिकाणी त्याच खुणा, त्याच क्रमाने. मोडणारा माणूस हाताला येईल तसं मोडतो. अकरा वेळा एकसारखं मोडत नाही.

स्टोअरमधलं जुनं मशीन काढायला लावलं. बाईने फ्लॉपी घातली. सगळी नावं जागच्या जागी! नगरहून आलेल्या इंजिनिअरने नव्या मशीनला कसलं तरी मराठीचं सेटिंग दिलं, तीच फ्लॉपी तिथंही वाचली गेली. तो म्हणाला, "जमादार, लिहिताना जी लिपी ठरवली, तीच वाचताना सांगावी लागते." मी मान हलवली. एकच फ्लॉपी इथं शहाणी आणि तिथं येडी कशी, ते आजही मला कळलेलं नाही.

एवढं मात्र कळलं की, आपल्याला वाचता आलं नाही म्हणजे समोरच्याने खोटं लिहिलं, असं होत नाही. पंचनाम्यात 'नावे नष्ट केली' असं मीच लिहून घेतलं होतं. चूक माझी.

माफी मागायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक वर्दी घातली, बाईच्या दारात गेलो आणि भर रस्त्याने तिच्यामागून कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेलो. फाटकात सगळ्यांदेखत तिला सलाम ठोकला.