खानझोडे साहेबांचं लाल कार्ड

खानझोडे साहेब कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. दोन्ही हातांनी पाठ धरायची, आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे, आणि मगच टेकायचं. घरमालकाचा चेहरा पडायचा, पण साहेबांना त्याचं काही नसे. त्यांच्या पत्नी कुसुमताई सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी आमच्या बैठकीतली खुर्ची हलवली. ती नेमकी डुगडुगत होती. माझ्या वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र न हलवताच पास केलं." यावर आम्ही सगळे हसायचो. साहेब हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "बसणारा विश्वासावर बसतो. म्हणून ठेवणाऱ्यानं आधी हलवून पाहायचं."

भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गुणवत्ता तपासणीत गेली. वडील नागपूरचे, राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले कारकून. साहेब शिकले इथेच, आणि टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा तपासणी खात्यात मी एकटीच बाई होते. पहिल्याच महिन्यात एका शाफ्टच्या कागदावर मी सही केली. महिनाअखेर होती, माल बाहेर पाठवायची घाई होती, आणि शॉपच्या, म्हणजे तो घडवणाऱ्या विभागाच्या, फोरमनने शपथेवर सांगितलं होतं की माप बरोबर आहे.

साहेबांनी विचारलं, "सुधाताई, पाहिलं का?"

"हो साहेब, पाहिलं ना. सगळे आकडे बरोबर आहेत."

"मी कागदाचं नाही विचारून राहिलो."

मग त्यांनी मला मायक्रोमीटर दिला आणि स्वतः शेजारी उभे राहिले. तो शाफ्ट मला मोजायला लावला, टोकापासून टोकापर्यंत. फोरमन घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. माप बरोबर निघालं. मला वाटलं, आता साहेब ओशाळतील. ते म्हणाले, "बरोबर निघालं हे तुमचं नशीब. तुमचं काम नव्हे." मी त्या दिवशी टॉयलेटमध्ये जाऊन रडले, आणि त्यानंतर नोकरीभर न पाहता सही केली नाही.

त्यांची दुसरी खूण म्हणजे लाल कार्ड. ज्या वस्तूत दोष सापडेल तिला पुठ्ठ्याचं लाल कार्ड बांधायचं. त्यावर दोष, तारीख, नाव. भोकातून बारीक तार ओवायची आणि उजवीकडे तीन पीळ द्यायचे. ते तीन पीळही त्यांनीच मला शिकवले. कार्ड लागलं की ती वस्तू जागची हलवायची नाही, आणि दोष दूर झाल्याशिवाय कार्ड काढायचं नाही. "ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं," हा नियम. एकदा शॉपमधल्या कुणीतरी लाल कार्ड गुपचूप काढून टाकलं, तेव्हा साहेबांनी चोरी झाल्यासारखा गहजब केला होता. बाकी वेळी हा माणूस आवाजही चढवत नसे.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. अवधपुरी वस्तीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, लिफ्ट नव्हती. मूलबाळ नव्हतं. कुसुमताई गेल्या, आणि वर्षभरात जिन्यात पडून साहेबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण तीन मजले कोण चढवणार? माझं लग्न वगैरे झालं नाही. मी भावाच्या घरी राहते, आणि तिथे माझीच खाट हॉलमध्ये आहे. म्हणून मी वृद्धाश्रम शोधायला निघाले. शहराबाहेर, मंडीदीपच्या रस्त्याला एक सापडला. स्वच्छ चादरी, गरम जेवण, अंगणात कडुनिंब. छापील पत्रकात लिहिलं होतं: प्रत्येक पलंगाजवळ बेल, न्हाणीघरात आधाराचे दांडे, चोवीस तास देखभाल.

"पाहिलं का?" साहेबांनी विचारलं.

"पाहिलं, साहेब," मी म्हणाले. मी पत्रक पाहिलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी न्हाणीघरातला दांडा हलवून पाहिला, आणि तो टाइलसकट हातात आला. मी पाहतच राहिले. त्यांनी मला बॅगेतला बिस्किटांचा जुना डबा काढायला सांगितला. डब्यात लाल कार्डांचा गठ्ठा होता, तारेचं भेंडोळंही. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन जातात, यांनी कार्डं आणली होती. दांड्याला कार्ड लागलं, आणि दांडा पक्का बसला. मग मोरीच्या फरशीला कार्ड लागलं, तिथे रबराची चटई आली. व्हरांड्यातल्या पायरीला लागलं, तिथे उतरण झाली. मॅनेजर शुक्लाजी सुरुवातीला खूश होते. "अंकल तो हमारे इंजीनियर हैं," असं ते पाहुण्यांना सांगायचे. फुकटचा इंजिनिअर कुणाला नको असतो?

बेलवरून मात्र बिनसलं. एका दुपारी चार वाजता साहेबांनी पलंगाजवळची बेल दाबून पाहिली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. मग वॉकर घेऊन ते आयांच्या खोलीपर्यंत गेले, तर बेलच्या बोर्डाची तार काढून तिला टेप गुंडाळलेली. ललिता नावाची आया होती, चुणचुणीत बाई. तिने लपवलं नाही. "अंकल, बीस-बाईस लोग हैं, हम दो हैं। सब दिन भर दबाते हैं। भागकर जाओ तो बोलते हैं, कुछ नहीं, बैठो।"

साहेबांनी हे मला सांगितलं तेव्हा मी ललिताच्या बाजूने बोलले. बिचारीने किती पळायचं? काम असेल तर ठीक आहे.

"'कुछ नहीं, बैठो' हेही काम आहे, सुधाताई," ते म्हणाले. "त्यासाठी माणूस ठेवायचा. तार काय काढता? बेल आहे आणि ऐकणारं कुणी नाही, तर ते नुसतं बटण झालं."

शुक्लाजींनी तार जोडून दिली. मग रोज चारला साहेब बेलची चाचणी घ्यायचे. ललिता यायची, किती मिनिटांत आली ते वहीत लिहायचं, आणि तपासणीला साक्षीदार लागतो म्हणून तिची सही घ्यायची. सही करायला ती खुर्चीवर बसायची. ती खुर्चीही साहेबांनी आधी हलवून ठेवलेली असे. मग चहा येईपर्यंत तिच्या मुलीच्या परीक्षेचं, तिच्या विदिशाकडच्या गावाचं बोलणं व्हायचं. मला वाटायचं, म्हातारपणीही काय ही शिस्त! मी त्यांच्या हाताखाली आयुष्य काढलं, पण ही शिस्त नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

दोन-तीन महिन्यांनी तार पुन्हा निघाली. या वेळी साहेबांनी बेललाच लाल कार्ड बांधलं आणि जाहीर केलं की तार सलग महिनाभर जोडलेली राहिली तरच ते सोडतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कार्ड दिसे. नातेवाईक विचारू लागले, हे काय आहे? शुक्लाजींचं हसणं कमी झालं.

आणि मग सरकारी तपासणीची तारीख आली. दोन दिवस आधी शुक्लाजींचा मला फोन आला. प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून माझी सही होती. आवाज मऊ होता. "मैडम, अंकल को समझाइए। कार्ड हटा दें। उस दिन तार जोड़ देंगे, बेल बजेगी, सब ठीक रहेगा। नहीं तो महीने के आख़िर में आप उनके लिए कोई और जगह देख लीजिए।"

मी गेले. साहेबांना आडून विचारलं. ते म्हणाले, "दोष गेला का? नाही ना? मग?" एवढं बोलून ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले, वॉकर टेकत, सावकाश. मी पलंगाशी उभी राहिले. दुसरी जागा कुठली? माझ्या खाटेशेजारी हॉलमध्ये? की पुन्हा तिसऱ्या मजल्यावर? मी खूप विचार केला असं म्हणायला मला आवडेल, पण तसं झालं नाही. मोरीत पाण्याचा आवाज येत होता तेवढ्यात मी तारेचे तीन पीळ उलटे फिरवले आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

ते बाहेर आले. त्यांचं लक्ष आधी बेलकडे गेलं.

"तुम्ही तपासली का?"

"नाही, साहेब."

"मग कार्ड कसं निघालं?"

मी सांगितलं, सगळं सांगितलं. तुम्हाला इथून काढतील, तुम्ही जाल कुठे, माझ्याच्याने काही होण्यासारखं नाही. बोलताना माझा आवाज चढला. मला वाटलं, शॉपमध्ये घातला तसा ते गोंधळ घालतील. ते पलंगावर बसले, टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ठीक आहे," ते म्हणाले.

तपासणी पार पडली. बेल वाजली, ललिता धावत आली, कागदावर सही-शिक्का झाला. संध्याकाळपर्यंत तार पुन्हा टेपमध्ये गेली. मला हे ठाऊक होतं, आणि मी काही बोलले नाही.

त्यानंतर साहेब कशालाच काही म्हणेनात. भाजी खारट? ठीक आहे. दिवा गेला? ठीक आहे. ज्या माणसाने आयुष्यात मोजल्याशिवाय 'ठीक' म्हटलं नाही, तो दिवसातून दहादा ठीक आहे म्हणू लागला. चारची चाचणी पुन्हा झालीच नाही, वही उशाखाली गेली. शुक्लाजी मला म्हणाले, "अंकल अब सेट हो गए हैं।" एका गुरुवारी मी त्यांना कडुनिंबाखाली नेलं आणि खुर्ची पुढे सरकवली. साहेब तिला हात न लावता सरळ बसले. मी म्हणाले, "साहेब, हलवून नाही पाहिली?" ते माझ्याकडे बघून बारीक हसले आणि म्हणाले, "तुम्ही ठेवली ना."

ते विश्वासाने म्हणाले की दुसऱ्या कशाने, ते मी अजून शोधते आहे.

थंडी सरता सरता ते गेले. दुपारी, पलंगावर, जेवणानंतर कधीतरी. चहा घेऊन गेलेल्या ललिताला कळलं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी ललिताला बाजूला घेऊन विचारलं, "बेल दबाई थी क्या?" ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "दीदी, तार तो निकला हुआ था। दबाई भी होगी, तो..."

त्यांचं सामान न्यायला मीच गेले. सामान ते काय, चार शर्ट, कुसुमताईंचा फोटो, वही आणि बिस्किटांचा डबा. वही उघडली. तारीख, चार वाजता बेल, मिनिटं, ललिताची सही. त्यापुढे शेवटच्या रकान्यात, कारखान्यात जिथे आम्ही शेरा लिहायचो तिथे, साहेबांच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: 'बसली. बारा मिनिटे.' दुसऱ्या दिवशी: 'बसली. नऊ मिनिटे. मुलगी पास झाली.' पानंच्या पानं असं. मी त्या रिकाम्या पलंगावर बसून सगळं वाचलं, आणि मला माझी शरम वाटली.

मग डब्यातलं एक कोरं कार्ड काढलं. दोष लिहिला: तार जोडलेली नाही. तारीख घातली. खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि बेलला बांधलं, उजवीकडे तीन पीळ.

शुक्लाजी दारात आले. "मैडम, अब तो अंकल भी नहीं रहे।"

"पर बेल तो है," मी म्हणाले. "जिसने बाँधा है, वही खोलेगा।"

आता घालवून द्यायला माझं तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे शुक्लाजींची धमकी चालण्यासारखी नव्हती. दर आठवड्याला मी बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेते, बस पकडते आणि चारच्या आत तिथे पोचते. त्या पलंगावर आता एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांच्या मुलाने कार्ड पाहिलं आणि विचारलं. मग आणखी कुणाच्या सुनेने विचारलं. मी प्रत्येकाला तार दाखवून आणली. उन्हाळा संपेपर्यंत शुक्लाजींनी दुपारसाठी तिसरी आया ठेवली आणि तार जोडली. ती महिनाभर टिकते का, ते मी बघते आहे. कार्ड अजून सोडलेलं नाही.

परवा पोस्टमास्तर मुलाबरोबर डॉक्टरांकडे गेले होते, खोलीत मी एकटीच होते. खुर्ची पुढे ओढली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवून पाहिली. चार वाजता बेल दाबली. तिसऱ्या मिनिटाला ललिता धापा टाकत आली. रिकामा पलंग बघून दारातच थांबली.

"क्या हुआ दीदी? क्या काम था?"

माझं काहीच काम नव्हतं. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"कुछ नहीं," मी म्हणाले. "बैठो."