तीन हुकमाचे एक्के आणि लाल दिवा

मराठी मंडळाच्या दिवाळीत आमच्या सुपरग्रुपचा पहिलाच कार्यक्रम होता आणि माझं सगळं लक्ष समोरच्या भिंतीवरच्या दिव्यांवर. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या हॉलमध्ये आवाजावर पहारा ठेवणारं यंत्र होतं: हिरवा, पिवळा, लाल. लाल दिवा काही क्षण टिकला की स्टेजची वीज बंद. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ही सोय. आणि आम्ही वाजवणार होतो हार्ड रॉक!

ग्रुपमध्ये आम्ही तिघं. वॉटफर्डच्या बँडमधले गिटारवाले सर्जन, इथल्या बँडमधले बास वाजवत गाणारे भूलतज्ज्ञ आणि रीडिंगची ड्रमर मी. आपापल्या गावात प्रत्येक जण हुकमाचा एक्का. मला बोलावणं आलं तेव्हा मी हरखून गेले. गिटार वाजवणाऱ्या माझ्या नवऱ्याला आलं नाही, म्हणून घरात अबोला. रीडिंगचा बँड आम्ही दोघांनी मिळून उभा केला होता आणि मी तो सोडला होता. आज हे फसलं, तर कुठल्या तोंडाने परत जाणार? नवरा दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

खरं तर तालमीतच नाट लागला होता. सर्जन आवाज वाढवायचे, की भूलतज्ज्ञही वाढवायचे.

"डॉक्टर, व्हॉल्यूम थोडा लो ठेवूया का?" मी एकदा सर्जनना विचारलं.

"अहो, मी लोच आहे. त्या बासवाल्या डॉक्टरांचं बघा."

दोघंही वयाने मोठे, त्यामुळे पुढे माझी जीभ रेटेना. शेवटी मीच माझ्या ड्रम्सवर टॉवेल टाकले. संताप यायचा नुसता.

पहिलं कडवं पिवळ्यावर निभावलं. मग गिटारचा सोलो आला. सर्जननी पायाने बटण दाबलं, भूलतज्ज्ञांचा हातही आवाज वाढवायला गेला. लाल! मी मानेने नको नको म्हणत होते, पण डोळे मिटून दोघांची समाधी लागलेली. खट्कन वीज गेली. उरले एकटे माझे ड्रम्स, टॉवेलखाली धप्प धप्प करणारे.

वीज परत आली, तोवर दोघांचं स्टेजवरच "सॉरी डॉक्टर, पण तुम्हीच..." सुरू झालं होतं. निवेदिकेने घाईघाईने मुलांचा नाच पुकारला. अर्धं गाणं, एवढीच आमची कारकीर्द.

परतताना नवरा गाडी चालवत होता. प्रत्येक राउंडअबाउटच्या गोल वळणाला मागे माझ्या झांजा खणखणत होत्या. तो काहीतरी बोलेल, निदान चिडवेल तरी, म्हणून मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, "संडेला आपली प्रॅक्टिस किती वाजता आहे?"

"अगं, आम्ही नवा ड्रमर घेतलाय. मी शब्द दिलाय त्याला."

मला रडूच फुटलं. त्याने पुढचं राउंडअबाउट पार होऊ दिलं.

"त्याच्याकडे स्वतःचा सेट नाहीये," तो म्हणाला. "तुझा मिळेल का?"