गाडीतली गवार

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले आणि आईची वाळवणाची जागा गेली. पॅनेलखाली सावली आणि उरलेल्या कडेला पाण्याच्या टाक्या. सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. आईने त्यांना विचारलं, "मग आमी गवार कुटं वाळवायची?"

"काकू, आता लिफ्ट उन्हावर चालणार. गवार तर बाजारात बारा महिने मिळते की."

आईने लिफ्ट वापरणं बंद केलं.

आई मंगळवेढ्याची. उन्हाळ्यात शेंगा आणि मिरच्या वाळवल्याशिवाय पावसाळ्यात जेवायचं काय, हा तिला पडणारा खरा प्रश्न होता. घरात फ्रीज होता, पण त्यात ती दूध आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायची. "लाईट गेली की त्याचं काय खरं न्हाय," असं म्हणायची.

बाबांनी निवृत्तीनंतर एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. ती रोज पुसायची आणि क्वचित चालवायची, असा त्यांचा नेम. गाडी दिवसभर फाटकाजवळ उन्हात उभी असायची. आईने आधी टपावर चादर घालून गवार पसरली. ती कबुतरांनी खाल्ली. मग तिने मागच्या सीटवर ताटं मांडली आणि काचा बंद केल्या.

"आत कशाला?" बाबांनी विचारलं.

"आत ऊन हाय, धूळ न्हाय."

संध्याकाळी काचांवर आतून पाणी जमलं होतं. गवार चिकट झाली आणि पुढे तिच्यावर पांढरी बुरशी आली. बाबा म्हणाले, "तेवढं पांढरं झटकून टाक."

"वर दिसती तेवढीच नसती ती. आत गेलेली असती," आई म्हणाली आणि तिने सगळी गवार फेकून दिली. रात्री जेवताना म्हणाली, "ऊन होतं. वारंच नव्हतं."

दुसऱ्या खेपेला तिने काचा चार बोटं खाली केल्या आणि फटींवर मलमलचं कापड ताणून बांधलं. शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, एकावर एक येणार नाहीत अशा पसरल्या. ऊन उतरलं की ताटं घरात. शेंग कडकन मोडायला लागल्यावर तिने त्या गार होऊ दिल्या आणि मगच बरणीत भरल्या. पुढचे काही दिवस ती बरणी उजेडात धरून आत दमटपणा दिसतो का ते बघायची. दिसला नाही.

मग ताकात मुरवलेल्या मिरच्यांची पाळी आली. त्या अर्ध्या वाळल्या असताना भर दुपारी सेक्रेटरी न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. रिक्षा मिळेना. त्यांची बायको वर आमच्याकडे आली, बाबांनी गाडीची किल्ली घेतली.

"साहेबांना पुढं बसवा," आई बाबांना म्हणाली. "मागं मिरच्या हायत."

सेक्रेटरींची बायको मिरच्यांची ताटं मांडीवर घेऊन मागे बसली. तिच्या शेजारी मी. कापड बांधलेलं असल्यामुळे काचा पुऱ्या खाली करता येत नव्हत्या. सेक्रेटरी शिंकायला लागले. प्रत्येक शिंकेला मनगट दुखत असावं, कारण ते डोळे मिटून घेत.

"काका, कसला वास आहे हा?" त्यांनी बाबांना विचारलं.

"मिरच्यांचा."

"गाडीत मिरच्या?"

"गच्चीवर जागा नाही," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. बाबांना टोमणे जमत नाहीत.

हाताला प्लास्टर घातलं. परत येतानाही सेक्रेटरी अधूनमधून शिंकत होते. थोड्या दिवसांनी ते गळ्यात हात अडकवून आमच्या दारात आले. गच्चीवरच्या दोन फुटक्या टाक्या काढल्यात, तिथे आता ऊन येतं, असं त्यांनी सांगितलं. आई जिन्याने वर जाऊन बघून आली.

"जागा बरी हाय," ती म्हणाली. "पण कबुतरं हायत."

त्या जागेवर आता सेक्रेटरींची बायको कुरडया घालते आणि काठी घेऊन बसते. आईने गाडी सोडली नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात मंगळवेढ्याला आईच्या माहेरी लग्न होतं. गाडीत ताटं मांडलेली होती, म्हणून आम्ही एसटीने गेलो. गाडीची किल्ली सेक्रेटरींच्या बायकोकडे होती, ऊन उतरल्यावर ताटं घरात घ्यायला. शहर मागे पडल्यावर आईने तिला फोन लावला आणि आधी सेक्रेटरींच्या हाताची चौकशी केली.